वाइन वाहणाऱ्या जुन्या रेल्वे टाक्या: डोम नंतर मोजा, आधी आतलं अस्तर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जुन्या अमेरिकन फोटोत एकाच टँक वाघिणीवर, म्हणजे टाकी बसवलेल्या मालडब्यावर, ओळीने सहा डोम, म्हणजे घुमटासारखे उंचवटे, दिसतात. दुसऱ्या, फ्रेंच फोटोत सपाट वाघिणीवर दोन अजस्र लाकडी पिंपं बसवलेली आहेत. दोन्ही फोटोंखाली ‘वाइनची वाघीण’ असं लिहिलंय. यातून खरंच वाइन जायची का? जायची तर वाटेत तिचा व्हिनेगर का होत नव्हता? सहा डोम कशाला? आणि हे सगळं बंद का पडलं? विचारणाऱ्यांना स्केल मॉडेल बनवायचंय, त्यामुळे रंगरूपाबद्दलही विचारलंय.

माझं काम खाद्यपदार्थांच्या टाक्यांचं. सुरुवात महाराष्ट्रात दुधाच्या टाक्यांपासून झाली, पुढे कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत वाइनरीच्या टाक्या, पाइप आणि पंप सांभाळण्यात नोकरीची वर्षं गेली. जुने रेल्वे डबे दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींबरोबर हात काळे करायची सवय तिथेच लागली. त्यामुळे मी या वाघिणींकडे आधी टाकी म्हणून बघतो आणि मग रेल्वे म्हणून. माझ्या मते बघायची रीतही तीच. ही वाइनरीतली टाकीच आहे, फक्त खाली चाकं आहेत. तिचं जे जे विचित्र दिसतं ते आतल्या मालामुळे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. हो, जायची, आणि थोडीथोडकी नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळातही कॅलिफोर्नियाच्या द्राक्षबागा बंद पडल्या नव्हत्या, कारण कायद्यातल्या पळवाटेने घरच्या घरी फळांचा रस ‘घरगुती वापरापुरता’ आंबवता येत होता. कुटुंबामागे वर्षाला २०० गॅलन अशी मर्यादा मानली जायची. मग ताजी द्राक्षं बर्फाच्या डब्यांतून शिकागो, न्यूयॉर्क, जर्सी सिटीला जायची आणि तिथल्या यार्डातच त्यांचे लिलाव व्हायचे. इटालियन कुटुंबं पेट्याच्या पेट्या उचलायची. लांबच्या प्रवासात टिकणाऱ्या जाड सालीच्या, गडद रसाच्या अलिकांते बूशे जातीला तेव्हा सोन्याचा भाव आला होता. ५ डिसेंबर १९३३ ला बंदी उठली. द्राक्षांची वाट तीच राहिली, माल बदलला. आता त्याच रुळांवरून तयार वाइन निघाली, आणि ती बाटल्यांत नव्हती.

बाटल्यांत का नव्हती, याचं गणित कागदावर मांडून बघा. एका साधारण वाइन टाकीत ८,००० अमेरिकन गॅलन मावायचे, म्हणजे ३०,००० लिटरच्या थोडं वर. तेवढी वाइन पाऊण लिटरच्या बाटल्यांत भरायची तर ४०,००० बाटल्या लागतात. रिकामी बाटली अर्धा किलोची धरली तरी नुसती काचच २० टन झाली. ती काच देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भाडं भरून न्यायची, वर फुटतूट, खोकी आणि भुसा. त्यापेक्षा टाकी भरून पाठवावी आणि न्यूयॉर्कच्या बाटलीवाल्याने तिथेच भरून आपलं लेबल लावावं, हे स्वस्त पडत होतं. या शेवटच्या वाक्यातलं ‘आपलं लेबल’ लक्षात ठेवा, सगळी गोष्ट तिथे येऊन अडते.

आता टाकीच्या आत जाऊ.

वाइन हा आंबट द्रव आहे. तिचा पीएच साधारण ३ ते ४ च्या दरम्यान असतो. असा द्रव उघड्या लोखंडात दहा दिवस ठेवला तर तो लोखंड खातो. चव धातूची होते हे तर झालंच, पण खरा त्रास नंतर येतो. विरघळलेलं लोह हवेशी गाठ पडल्यावर फॉस्फेटबरोबर पांढरा गढूळपणा करतं, किंवा टॅनिनबरोबर निळसर-काळा. स्वच्छ निघालेली वाइन बाटलीत भरल्यावर महिन्याभराने धुरकट दिसू लागते. लिटरमागे पाच-दहा मिलिग्रॅम लोह एवढ्यालाही पुरतं. तांब्याचंही तसंच, म्हणून पितळी किंवा ब्राँझचा नळ हासुद्धा संशयित. पेट्रोल किंवा काकवी नेणारी साधी टँक वाघीण धुऊन-पुसून तिच्यात वाइन भरली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ज्याने तसं केलं असेल त्याचा पुढच्या वर्षी धंदा राहिला नसेल.

याला तोडगा दुधाने दिला होता. रॉचेस्टर, न्यूयॉर्क इथली फाउडलर ही कंपनी पोलादी टाक्यांना आतून काचेचा मुलामा द्यायची. काचेची पूड फवारायची आणि भट्टीत ८०० अंशांच्या वर तापवून ती पोलादावर वितळवायची. जनरल अमेरिकन या टँक वाघिणींच्या मोठ्या कंपनीने फाउडलरशी भागीदारी करून काच-अस्तराच्या दुधाच्या वाघिणी काढल्या. बाहेरून त्या प्रवासी गाडीला जोडायच्या बंद डब्यासारख्या दिसत. आत प्रत्येकी ३,००० गॅलनच्या दोन टाक्या, भोवती उष्णतारोधक भर, आणि मधल्या दारातून नळ जोडायची सोय. त्यांच्यावर जीपीईएक्स अशी खूण असे. अमेरिकेत खूण एक्सने संपली की डबा रेल्वे कंपनीचा नाही, खासगी मालकाचा, हे तिथल्या कुठल्याही जुन्या फोटोला लागू पडतं. पुढे दूध मोटार टँकरने जाऊ लागलं तसे यातले काही डबे वाइनकडे वळले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये बाटल्या भरणाऱ्या शॅटो मार्टिन या ब्रँडचे डबे मॉडेलवाल्यांत प्रसिद्ध आहेत, ते मूळचे असे दुधाचेच. तेव्हा ‘वाइनची वाघीण म्हणजे नळकांडं आणि डोम’ हा समज पहिल्याच पायरीवर खोटा पडतो. बाहेरून लाकडी किंवा पत्र्याच्या बंद डब्यासारखी दिसणारीही वाइनची असू शकते.

दुधाच्या टाकीवर काम केलेल्या आपल्याकडच्या माणसाला हे ऐकून नवल वाटत नाही. आपल्या रेल्वेवर व्हीव्हीएन नावाने ओळखले जाणारे दुधाचे टँकर आजही धावतात. २०२० च्या टाळेबंदीत रेणिगुंट्याहून दिल्लीला सुरू झालेल्या ‘दूध दुरांतो’मध्ये प्रत्येकी ४०,००० लिटरचे टँकर होते. आत काचेऐवजी स्टेनलेस स्टील, पण तर्क तोच: माल साध्या लोखंडाला लागू द्यायचा नाही, तापू द्यायचा नाही, आणि टाकी कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत धुता आली पाहिजे. भारतात वाइन मात्र अशी रेल्वेने गेली नाही. नाशिकची वाइन आली तोवर रस्त्यावरचा स्टेनलेस टँकर हजर होता.

काचेच्या अस्तराची एक अट फार कडक आहे. बाहेरच्या पोलादावर नंतर कधीच वेल्डिंग करायचं नाही. बाहेर एखादी कडी जोडायला टॉर्च लावली की आत त्या जागेची काच पापुद्र्यासारखी सुटते. हातोड्याचा जोरदार फटकाही तेच करतो. म्हणून या टाक्या सांगाड्याला थेट वेल्ड न करता पाळण्यात बसवून पट्ट्यांनी आवळलेल्या असत. जुना डबा घेऊन ‘जिना तुटलाय, पटकन वेल्ड करून टाकू’ म्हणणारा उत्साही कार्यकर्ता प्रत्येक गटात एक असतोच, त्याच्या हातातलं यंत्र आधी काढून घ्या. अस्तर शाबूत आहे का हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी उच्च दाबाच्या विजेचा ब्रश आतून फिरवतात, जिथे सुईच्या टोकाएवढं छिद्र असेल तिथे ठिणगी पडते. असं छिद्र बुजवायला कारखान्यात टँटलम धातूचा खिळा आणि टेफ्लॉनचा वॉशर वापरतात. संग्रहालयातल्या डब्याला तेवढा खर्च कुणी करत नाही, आणि करूही नये, कारण त्यात पुन्हा वाइन भरायची नाही.

सगळ्याच वाइन टाक्यांना काच नव्हती. काहींना आतून बेकलाइटच्या जातीचं भाजलेलं रेझिन, काहींना मेणाचा किंवा डांबरासारख्या राळेचा थर असे. नंतर स्टेनलेस आलं आणि हा सगळा खटाटोप संपला. पण स्टेनलेस महाग होतं, आणि ते सर्रास परवडायला लागेपर्यंत रेल्वेच्या हातून हा धंदा निसटू लागला होता.

आता डोम. डोम शोभेसाठी नसतो. द्रव तापला की फुगतो, त्याला जागा लागते. पहाटे गारव्यात काठोकाठ भरलेली टाकी दुपारी वाळवंटातून जाताना वीस अंशांनी तापली, तर वाइन साधारण अर्ध्या टक्क्याने वाढते. ३०,००० लिटरमागे दीडशे लिटर. ते कुठे जाणार? डोममध्ये. जुन्या अमेरिकन नियमांत डोमची जागा टाकीच्या घनफळाच्या दोन टक्क्यांच्या आसपास धरलेली असायची. तिथेच माणूस उतरण्याचं झाकण आणि सुरक्षा व्हॉल्व्ह. वाइनच्या बाबतीत डोमचा आणखी एक फायदा होतो, तो रेल्वेची पुस्तकं सहसा सांगत नाहीत. वाइन डोमच्या मानेपर्यंत भरली की तिचा हवेशी संबंध फक्त त्या अरुंद तोंडापुरता राहतो. आडव्या नळकांड्यात जरा कमी भरलं की हवेला भिडणारा पृष्ठभाग एकदम एखाद्या खोलीच्या फरशीएवढा होतो, आणि गाडीच्या प्रत्येक धक्क्याला तो ढवळला जातो. वाइन बिघडवायला याहून सोपा उपाय नाही.

एक डोम म्हणजे एक कप्पा, हा ढोबळ नियम. सहा डोम असतील तर आत सहा स्वतंत्र कप्पे, प्रत्येकात साधारण १,३०० गॅलन. चार डोमचीही होती, एकाच डोमचीही. कप्पे पाडायचं कारण व्यापारी आहे. बंदी उठल्यानंतरची तीसेक वर्षं अमेरिकेत सगळ्यात जास्त खपायची ती जेवणाबरोबरची वाइन नव्हे. पोर्ट, शेरी, मस्कॅटेल अशा गोड, वरून ब्रँडी घातलेल्या वाइन जोरात होत्या. साध्या वाइनने त्यांना मागे टाकलं ते १९६० च्या दशकाच्या शेवटी. एका मध्यम बाटलीवाल्याला आठवड्याला ८,००० गॅलन पोर्ट नको असायची. त्याला थोडी पोर्ट, थोडी शेरी, थोडी लाल, थोडी पांढरी हवी असायची. एकाच डब्यात सगळं दुकान. शिवाय कप्पा छोटा असला की तो पूर्ण भरता येतो आणि पूर्ण रिकामा करता येतो. अर्धवट भरलेली टाकी कुणालाच नको असते.

दोन कप्प्यांमध्ये नुसता एक पडदा नसे. दोन वेगवेगळी भिंताडं आणि मध्ये पोकळी, पोकळीच्या तळाला बारीक भोक. एका कप्प्याची भिंत गळली तर वाइन शेजारच्या कप्प्यात न जाता त्या भोकातून खाली टपकते. पांढऱ्यात लाल मिसळल्याचं बाटलीवाल्याला कळण्यापेक्षा रुळावर पडलेला लाल डाग कधीही परवडला. तुम्हाला अशी वाघीण प्रत्यक्ष बघायला मिळाली तर वाकून ही भोकं शोधा. त्यावरून कप्प्यांची संख्या डोम न मोजताही कळते. या सगळ्याची किंमत वजनात मोजावी लागे: बारा भिंती, सहा डोम, सहा नळ. तेवढं पोलाद माल नसतानाही ओढावं लागतं.

व्हिनेगर का होत नव्हता, याचं अर्धं उत्तर वर येऊन गेलं: हवा नाही तर ॲसेटोबॅक्टर, म्हणजे वाइनचा व्हिनेगर करणारे जिवाणू, नाहीत. उरलेलं अर्धं अल्कोहोलमध्ये आहे. पोर्ट-शेरीत अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास असायचं. एवढ्यात हे जिवाणू तग धरत नाहीत. म्हणून बंदीनंतरच्या त्या गोड वाइन टाकीच्या प्रवासाला अगदी योग्य होत्या. बारा टक्क्यांची साधी लाल वाइन जास्त नाजूक, तिला गंधकाचा डोस, खालून सावकाश भरणं आणि भरल्यावर लगेच झाकण बंद करणं हे सगळं पाळावं लागे. वरून धो धो ओतलेली वाइन भरतानाच हवा पिऊन घेते, मग टाकी कितीही चांगली असो. उष्णतेसाठी टाकीभोवती कॉर्क किंवा केसांच्या नमद्याचा जाड थर आणि त्यावर पातळ पत्र्याचं कवच असे. फोटोत दिसतं ते हे कवच. खरी टाकी त्याच्या आत, बऱ्याच कमी व्यासाची. हिवाळ्यात पर्वत ओलांडताना हेच आवरण गोठण्यापासूनही वाचवायचं, कारण बारा टक्क्यांची वाइन उणे पाच अंशांच्या आसपास गोठू लागते.

झाकणांवर आणि नळांवर सीलही असायचं. ही वाइन कर भरण्याआधीच एका परवानाधारक कोठारातून दुसऱ्या कोठारात जायची, त्यामुळे सरकारचं लक्ष गॅलनागॅलनवर असे.

आता फ्रान्सची ती दोन पिंपं. हे कुटुंब वेगळं आणि वयाने थोरलं. फ्रेंचमध्ये या मोठ्या पिंपाला फूद्र म्हणतात, आणि दोन पिंपांची वाघीण ती बी-फूद्र. दक्षिणेतला लांगदोक प्रदेश, म्हणजे बेझिए, नार्बोन, माँपेलिए, सेत, हा स्वस्त लाल वाइनचा समुद्र होता, आणि तो समुद्र रेल्वेनेच तयार केला. १८५० च्या दशकात रुळांनी हा दक्षिणेकडचा भाग पॅरिसला जोडला गेला, आणि तिथल्या शेतकऱ्याने गहू-ऑलिव्ह सोडून डोंगरउतारापासून मैदानापर्यंत द्राक्षच लावलं. मध्ये फायलोक्सेरा किडीने बागा झोपवल्या, तेव्हा अल्जीरियाची वाइन जहाजाने सेत बंदरात येऊ लागली, आणि तीही याच वाघिणींत चढली. बागा पुन्हा उभ्या राहिल्या तशी वाइन इतकी झाली की भाव कोसळले. १९०७ मध्ये याच पट्ट्यात शेतकऱ्यांचं प्रचंड बंड झालं आणि नार्बोनमध्ये सैन्याने गोळीबार केला. रेल्वे आली की माल विकला जातो, पण तोच माल पिकवणारे शेजारी दहा पटींनी वाढतात, हे कांदा आणि उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

पॅरिसमध्ये हा माल उतरायचा बेर्सीला. सेनच्या काठी वाइनच्या गोदामांचं एक गावच होतं, रस्त्यांना वाइनच्या गावांची नावं, मध्ये मोठमोठी झाडं, आणि गोदामाच्या दारापर्यंत आलेले रूळ. व्यापारी तिथे लांगदोकची पातळ वाइन अल्जीरियाच्या दणकट वाइनमध्ये मिसळून पॅरिसला पाजायचे. आज तिथे बेर्सी व्हिलेज नावाचा खरेदीचा भाग आहे, आणि कूर सेंत-एमिलियोंच्या फरसबंदीत जुने रूळ तसेच ठेवलेत. पॅरिसला जाणाऱ्यांनी आयफेलच्या रांगेतला एखादा तास वाचवून तिथे जावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

लाकडी पिंपाला डोम नाही, कवच नाही. ओक लाकूड वाइनला चालतं, लोह देत नाही, आणि जाड असल्यामुळे थोडंफार तापमानही सांभाळतं. पण लाकूड ओलं ठेवावं लागतं. पिंप रिकामं उन्हात चार दिवस उभं राहिलं की फळ्या आक्रसतात आणि चिरा पडतात. मग पुन्हा गरम पाणी भरून फुगवायचं, कड्या ठोकून आवळायच्या, आत गंधकाची वात जाळायची, आणि इतकं करूनही पहिल्या फेरीला थोडं झिरपणारच. त्यामुळे परतीचा रिकामा प्रवास हीच या वाघिणीची खरी डोकेदुखी होती. दुसरी डोकेदुखी माणसांची. पिंपाची कडी जरा सरकवायची, तिच्याखाली गिरमिटाने बारीक भोक पाडायचं, हवं तेवढं काढून घ्यायचं, भोकात लाकडी खुंटी ठोकायची आणि कडी परत जागेवर. ही युक्ती जहाजांवर, बंदरांत आणि मालधक्क्यांवर जगभर चालायची. जुन्या पिंपाच्या कड्या काढल्यावर खाली खुंट्यांची ओळ दिसली तर ती नक्षी समजू नका.

दोन महायुद्धांच्या दरम्यान पोलादी टाक्यांनी या लाकडी पिंपांची जागा घ्यायला सुरुवात केली, आणि हळूहळू ती फक्त संग्रहालयात आणि खेळण्यांच्या दुकानात उरली.

बंद का पडलं, यावर बहुतेक जण ‘ट्रक आले’ एवढंच सांगतात. ते खोटं नाही, पण माझ्या मते अपुरं आहे. टाकी गेली ती मुख्यतः लेबलमुळे. वाइन टाकीतून गेली की ती कुणाची हे बाटली भरणारा ठरवतो. कॅलिफोर्नियात घाम गाळणाऱ्याचं नाव कुठेच नाही, न्यूयॉर्कच्या बाटलीवाल्याचं मात्र दिमाखात. शिवाय त्याने वाटेत काय मिसळलं, किती पाणी घातलं, याचा दोष परत द्राक्षवाल्याच्या प्रदेशावर. बोर्दोमध्ये बारोन फिलिप द रोथशिल्डने १९२४ च्या हंगामापासून आपल्या मूतों या द्राक्षमळ्याची सगळी वाइन मळ्यातच बाटलीत भरायचं ठरवलं, ते याच कारणाने. फरक एवढाच की त्याची वाइन महाग होती, त्याला काच परवडत होती.

अमेरिकेत हा बदल युद्धाने लादला. १९४२ नंतर टँक वाघिणी युद्धाच्या मालासाठी लागू लागल्या आणि वाइनला मिळेनाशा झाल्या. सरकारने भाव बांधले, तेही असे की सुट्ट्या वाइनपेक्षा लेबल लावलेल्या बाटलीत कमाई जास्त. मनुक्याची द्राक्षं सुकवण्याकडे वळवली गेल्याने वाइनच कमी पडली. व्हिस्कीच्या भट्ट्या औद्योगिक अल्कोहोल काढण्यात अडकल्या होत्या, म्हणून व्हिस्की कंपन्यांनी वाइनरी विकत घेतल्या: शेन्लीने रोमा, नॅशनल डिस्टिलर्सने इटालियन स्विस कॉलनी. या मंडळींना ब्रँड कसा चालवायचा हे पक्कं ठाऊक होतं. वाइनरीच्या दारात बाटली भरायची यंत्रं उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर ती काही कुणी मोडीत काढली नाहीत. गॅलो या वाइन कंपनीने तर १९५८ मध्ये मोडेस्टोत स्वतःचा काचेचा कारखानाच काढला. आता बाटली गावातच बनते म्हटल्यावर टाकी पाठवायचं अर्धं कारण गेलं.

तरी सुटी वाइन एकदम थांबली नाही, आणि रेल्वेच्या भाड्यावर सगळेच चिडलेले होते. त्या चिडीतून एक अफलातून गोष्ट घडली. लुई पेत्रीच्या कंपनीने युद्धकाळातलं एक तेलवाहू जहाज घेऊन त्यात स्टेनलेसच्या टाक्या बसवल्या, त्याला ‘अँजेलो पेत्री’ नाव दिलं, आणि १९५७ पासून कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन बंदरातून पनामा कालव्यामार्गे ते पूर्व किनाऱ्याला वाइन नेऊ लागलं. एका खेपेला वीस लाख गॅलनच्या वर, म्हणजे आपल्या सहा डोमवाल्या अडीचशे वाघिणी एका दमात. १९६० मध्ये ते गोल्डन गेटबाहेर वादळात बंद पडून वाहवत चाललं होतं, थोडक्यात वाचलं.

या लेबलच्या भांडणाचा सगळ्यात स्वच्छ पुरावा मला अर्जेंटिनात दिसतो. १८८५ मध्ये रेल्वे अँडीजच्या पायथ्याशी मेंदोसाला पोहोचली आणि तिथली वाइन हजार किलोमीटरवरच्या ब्यूनस आयर्सला जाऊ लागली, आधी पिंपांत, मग टाक्यांत. शहराच्या पालेर्मो भागात रुळांना लागून बाटल्या भरणाऱ्या मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. ही व्यवस्था १९८० च्या दशकापर्यंत टिकली. मग १९८४ मध्ये कायदा झाला की वाइन जिथे पिकते त्याच प्रदेशात बाटलीबंद झाली पाहिजे. टाकीतून नेण्याचा धंदा कायद्यानेच संपवला. पालेर्मोतली हिओल कंपनीची ओसाड पडलेली इमारत पुढे विज्ञान-तंत्रज्ञान खात्याच्या संकुलासाठी वापरली गेली. तिथे ट्रक स्वस्त झाले म्हणून टाकी गेली असं कुणी म्हणू शकणार नाही.

गंमत म्हणजे सुटी वाइन आज पुन्हा जोरात आहे. वीस फुटी कंटेनरमध्ये २४,००० लिटरची प्लास्टिकची एकदाच वापरायची पिशवी पसरतात आणि ऑस्ट्रेलिया किंवा चिलीची वाइन युरोपात जाऊन बाटलीत जाते. पिशवी वाइन काढताना आपोआप मिटत जाते, म्हणजे हवेचा प्रश्नच उरत नाही. तांत्रिकदृष्ट्या हा सहा डोमपेक्षा कितीतरी हुशार उपाय आहे. मॉडेलवाल्यांना मात्र त्यात बघण्यासारखं काही नाही.

कुणाला खरी जुनी वाघीण हाताळायची संधी मिळाली तर एक गोष्ट निक्षून सांगतो. झाकण उघडून लगेच आत उतरू नका. बंद टाकीत गंज आणि कुजणारा गाळ प्राणवायू खाऊन टाकतो. वर्षानुवर्षं रिकामी असलेली टाकी सुरक्षित, हा समज माणसं मारतो. एक जण बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. आधी पंख्याने हवा खेळवा, मीटरने प्राणवायू मोजा, वर एक माणूस दोर धरून उभा ठेवा, मगच पाय आत टाका. बाहेरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि कवचाखालच्या भरीत ॲस्बेस्टॉस, त्यामुळे घासण्या-कापण्याआधी नमुना तपासून घ्या.

राहता राहिलं मॉडेल. बाजारात मिळणाऱ्या वाइन वाघिणींपैकी निम्म्यांचे रंग कारखानदाराच्या कल्पनेतले असतात. वाघिणीचा क्रमांक आणि मालकाची खूण घ्या आणि त्या काळच्या ‘ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर’मध्ये तपासा. त्यात प्रत्येक मालकाच्या वाघिणी क्रमांकानिशी, मापांसकट छापलेल्या असत, आणि जुने अंक पुनर्मुद्रित मिळतात. क्रमांक सापडला तर फोटो शोधा, नाही सापडला तर रंग फार मनावर घेऊ नका. सहा डोमची वाघीण केली असेल तर प्रत्येक कप्प्याची क्षमता बाजूला बारीक अक्षरांत लिहा, आणि सहा नळ खाली दाखवा. बहुतेक तयार मॉडेलांत वर सहा डोम आणि खाली एकच नळ असतो, ते बघून मला हसू येतं. कवच गुळगुळीत ठेवा, त्यावर रिव्हेट नकोत, रिव्हेट आतल्या टाकीला. डोमच्या बाजूने ओघळ दाखवायचेच तर अगदी पुसट दाखवा, कारण माल आंबट आणि सीलबंद होता, काळ्या तेलासारखा सांडत नव्हता. आणि पूर्ण गाडीच वाइनची करू नका. एका मिश्र मालगाडीत फळांच्या बर्फडब्यांमागे अशी एक-दोन वाघिणी जोडा, आणि त्यातली एक बाटलीवाल्याच्या सायडिंगवर, म्हणजे त्याच्या गोदामाकडे जाणाऱ्या बाजूच्या रुळावर, सोडून द्या.